हर रॉयल स्पायनेस (कादंबरी)

'हर रॉयल स्पायनेस' ही ऱ्हीस बोवेन यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी ऐतिहासिक रहस्यकादंबरी आहे. कथेचा काळ १९३२ हा असून ती मुख्यतः लंडनमध्ये घडते. नायिका लेडी जॉर्जियाना रॅनॉख ही स्कॉटलंडमधील एका ड्यूकची कन्या, राणी व्हिक्टोरियाची पणती आणि ब्रिटिश सिंहासनाच्या वारसाक्रमात ३४ वी आहे. एवढे मोठे कूळ असूनही तिच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न नाही. घरातील न्हाणीघरात सापडलेल्या एका प्रेताचे गूढ उकलणे हा कथेचा उघड विषय होय. प्रतिष्ठा आहे पण उपजीविकेचे साधन नाही, अशा स्त्रीने स्वतःच्या पायांवर कसे उभे राहावे, हा तिचा गाभा आहे. निवेदन प्रथमपुरुषी असून जॉर्जियाना स्वतःच आपली कथा मिश्किल शैलीत सांगते.

याच नायिकेवर पुढे एक दीर्घ मालिका लिहिली गेली. प्रस्तुत कादंबरी हा तिचा पहिला भाग होय.

लेखिका

ऱ्हीस बोवेन हे जॅनेट क्विन-हार्किन यांचे टोपणनाव आहे. त्यांचा जन्म १९४१ साली इंग्लंडमधील बाथ येथे झाला. आरंभी त्यांनी किशोरवयीन वाचकांसाठी विपुल लेखन केले व नंतर त्या रहस्यकथेकडे वळल्या. वेल्समधील एका खेड्यातील हवालदार इव्हान्स आणि विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्कमध्ये येऊन राहिलेली आयरिश तरुणी मॉली मर्फी यांच्या मालिका त्यांनी आधी लिहिल्या. मॉली मर्फी ही सामान्य घरातील निर्वासित मुलगी, तर जॉर्जियाना राजघराण्याची नातलग. दोघींची सामाजिक स्थाने दोन टोकांची असली, तरी पोटासाठी काम शोधण्याची पाळी दोघींवरही येते.

कथानक

जॉर्जियानाचे वडील जुगाराच्या नादात बरीच संपत्ती घालवतात. १९२९ च्या शेअर बाजारातील कोसळणीत उरलेसुरले गेल्यावर ते आत्महत्या करतात. पदवी, स्कॉटलंडमधील रॅनॉख किल्ला आणि लंडनच्या बेलग्रेव्ह चौकातील घर हे सर्व तिच्या सावत्र भावाकडे जाते. घरात 'बिंकी' या नावाने ओळखला जाणारा हा भाऊ स्वभावाने भला पण मंद आहे. त्याची पत्नी 'फिग' काटकसरीच्या नावाखाली नणंदेचा भार कमी करू पाहते. जॉर्जियानाचा तनखा बंद होतो. रुमानियाच्या राजघराण्यातील राजपुत्र सीगफ्रिड याच्याशी आपला विवाह जुळवण्याचे घाटत असल्याचे कानावर पडताच ती एकटीच लंडनला निघून येते.

नोकरचाकरांवाचून राहण्याची सवय नसलेल्या या मुलीला शेगडी पेटवण्यापासून सारे शिकावे लागते. एका मोठ्या दुकानात विक्रेतीची नोकरी मिळते, पण ती टिकत नाही. मग ती एक युक्ती काढते. श्रीमंत कुटुंबे गावाकडून लंडनला येण्यापूर्वी त्यांची बंद घरे उघडून झाडपूस करून ठेवण्याचे काम ती घेऊ लागते. हे काम आपण स्वतः करतो हे तिला कोणालाही कळू द्यायचे नसते. याच सुमारास राणी मेरी तिला बोलावून घेते आणि एका मेजवानीस जाऊन युवराज एडवर्ड व विवाहित अमेरिकन स्त्री वॉलिस सिम्पसन यांच्यावर लक्ष ठेवण्याची नाजूक कामगिरी सोपवते.

दरम्यान गास्तों द मोव्हील नावाचा एक फ्रेंच मनुष्य अवतरतो. दिवंगत ड्यूकने जुगारात रॅनॉख किल्ला आपल्याकडे हरला, असा त्याचा दावा असतो. पुढे तो रॅनॉख कुटुंबाच्या लंडनमधील घरातच, न्हाणीघरातील टबात मृतावस्थेत आढळतो. संशय साहजिकच बिंकीवर जातो. भावाला निर्दोष ठरवण्यासाठी जॉर्जियानाला स्वतः शोध घ्यावा लागतो. शाळासोबती बेलिंडा, डार्सी ओमारा हा निष्कांचन आयरिश उमरावपुत्र आणि लंडन पोलिसांतून निवृत्त झालेले तिचे आजोबा (आईचे वडील) हे तिचे साहाय्यक ठरतात. तपास पुढे सरकतो तसे तिच्या स्वतःच्या जिवावर बेतणारे प्रसंग घडू लागतात. रहस्याची उकल प्रथमच वाचणाऱ्यांसाठी येथे दिलेली नाही.

शीर्षक आणि पदव्या

'हर रॉयल हायनेस' हे ब्रिटिश राजघराण्यातील स्त्रीचे बिरुद होय. त्यातील 'हायनेस' या शब्दाच्या जागी हेर या अर्थाच्या 'स्पाय' शब्दाला तोच प्रत्यय जोडून शीर्षकातील श्लेष साधला आहे. गंमत अशी की, नायिकेला हे बिरुद मुळात लागू होत नाही. ती केवळ 'लेडी' आहे.

अशा कादंबऱ्या वाचताना पदव्यांची उतरंड ठाऊक असणे उपयोगी पडते. ब्रिटिश उमरावांच्या ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशा उतरत्या पाच श्रेणी आहेत. पहिल्या तीन श्रेणींतील उमरावांच्या मुलींच्या नावामागे 'लेडी' लावतात, तर उरलेल्या दोन श्रेणींतील मुलींना 'द ऑनरेबल' असे संबोधन लिहितात. ही संबोधने केवळ सौजन्याची असतात. त्यांच्यासोबत जमीन, अधिकार वा वेतन यांपैकी काहीच येत नाही. बहुतांश पदव्या पुरुष वारसाकडेच जातात आणि त्यांच्याशी निगडित स्थावर मालमत्ताही सामान्यतः त्याच मार्गाने जाते. कथेत थोरल्या मुलाला सर्व काही व मुलीला केवळ संबोधन मिळते, ते या प्रथेला धरूनच आहे.

उपजीविकेचा प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश जमीनदार घराण्यांची आर्थिक स्थिती झपाट्याने खालावली. धान्याचे भाव उतरल्याने शेतजमिनीचे उत्पन्न घटले होते. १८९४ साली लागू झालेल्या मृत्युकराचे दर वाढत गेले आणि मालक मरण पावला की वारसाला मोठी रक्कम भरावी लागे. अनेक घराण्यांनी जमिनी, चित्रे, शेवटी वाडेही विकले. मराठीत 'बडा घर पोकळ वासा' म्हणतात, तशी ही अवस्था होती. कादंबरीतील थंडगार, गळका रॅनॉख किल्ला आणि फिगची कृपण गृहव्यवस्था यांतून येणारा विनोद या वास्तवावर उभा आहे.

मुलींची अडचण आणखी वेगळी होती. १९१९ च्या एका कायद्याने स्त्रियांना वकिलीसारखे व्यवसाय खुले झाले आणि १९२८ साली पुरुषांप्रमाणेच २१ व्या वर्षी मताधिकारही मिळाला. मात्र उमरावकन्यांचे शिक्षण व्यवसायासाठी नसे. घरी शिक्षिका, नंतर युरोपातील एखाद्या संस्कारशाळेत फ्रेंच भाषा, नृत्य व शिष्टाचार, आणि मग राजदरबारात औपचारिक सादरीकरण, असा क्रम ठरलेला होता. दरबारातील ही प्रथा १९५८ साली बंद झाली. सादरीकरणानंतरच्या काही हंगामांत विवाह जुळला नाही, तर मुलगी भावाच्या घरी आश्रित म्हणून राही किंवा एखाद्या वृद्ध नातलग स्त्रीची सोबत करी.

जॉर्जियानासमोर हेच पर्याय आहेत. नावडता राजपुत्र, वहिनीची मेहेरबानी किंवा दूरच्या गावी सोबतीण म्हणून आयुष्य काढणे. यांपैकी काहीही नको असेल तर काम करावे लागते, आणि काम केले तर कुळाची अप्रतिष्ठा होते. १९३२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये नोंदणीकृत बेकारांची संख्या ३० लाखांच्या जवळ पोहोचली होती. अशा काळात कौशल्य नसलेल्या तरुणीला काम मिळणे मुळातच कठीण होते. तिने चोरून झाडू हाती घेणे हा कादंबरीतील सर्वांत विनोदी भाग आहे आणि सर्वांत गंभीरही आहे. स्वतः मिळवलेले थोडेसे पैसे तिला प्रथमच नकार देण्याचे बळ देतात.

विवाह आणि कायदा

जॉर्जियानाच्या विवाहावर इतरांचा एवढा अधिकार का, हे समजण्यासाठी दोन कायदे लक्षात घ्यावे लागतात. १७७२ च्या राजविवाह कायद्यानुसार राजा दुसरा जॉर्ज याच्या वंशजांना विवाहासाठी राजाची संमती घ्यावी लागे. परदेशी राजघराण्यांत विवाह करून गेलेल्या राजकन्यांची संतती यातून वगळली होती. जॉर्जियानाची आजी स्कॉटलंडमध्येच विवाहित झाल्याने ही सूट तिला मिळत नाही. दुसरा कायदा १७०१ चा होय. कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यास सिंहासनाच्या वारसाक्रमातून बाद करण्याची तरतूद त्यात होती.

डार्सी ओमारा हा कॅथलिक आहे. त्यामुळे प्रेमकथेतील अडसर हा निव्वळ गैरसमजावर बेतलेला नसून त्याला कायद्याचा आधार आहे, आणि तो मालिकेच्या अनेक भागांत टिकून राहतो. २०१३ साली संमत होऊन २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने या दोन्ही तरतुदी बदलल्या. आता वारसाक्रमातील पहिल्या सहा व्यक्तींनाच विवाहासाठी संमती आवश्यक असते आणि कॅथलिक व्यक्तीशी विवाह केल्याने वारसाहक्क जात नाही. आजच्या नियमाने ३४ व्या क्रमांकावरील मुलीला कोणाची परवानगी मागावी लागली नसती.

इतिहास आणि कल्पित

राजा पाचवा जॉर्ज, राणी मेरी, युवराज एडवर्ड आणि वॉलिस सिम्पसन या इतिहासातील व्यक्ती कादंबरीत पात्रे म्हणून येतात. रॅनॉख घराणे मात्र पूर्णतः काल्पनिक आहे. राणी व्हिक्टोरियाला पाच मुली होत्या. त्यांपैकी लुईज हिचा विवाह १८७१ साली एका स्कॉटिश उमरावपुत्राशी झाला, पुढे तो अर्गाइलचा ड्यूक झाला. परंतु या दांपत्याला अपत्य नव्हते. राजपुत्र सीगफ्रिड हाही कल्पित आहे. त्या काळी रुमानियाच्या गादीवर दुसरा कॅरोल होता.

काळाच्या बाबतीत लेखिकेने काहीशी सवलत घेतली आहे. एडवर्ड आणि वॉलिस यांची पहिली भेट १९३१ च्या जानेवारीत झाली आणि १९३२ मध्ये सिम्पसन दांपत्य त्याच्या निवासस्थानी पाहुणे म्हणून जाऊ लागले. तथापि त्या वर्षी युवराजाची निकटची मैत्रीण म्हणून थेल्मा फर्नेस हिचे नाव घेतले जाई. वॉलिसने ते स्थान १९३४ च्या सुमारास घेतले, असे चरित्रकार सामान्यतः मानतात. कादंबरीतील राणीची काळजी त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा थोडी आधीच सुरू होते.

राणीने एखाद्या नातलग मुलीला गुप्तपणे पाठवणे हा प्रसंग कल्पित असला, तरी त्यातील गुप्ततेला ऐतिहासिक आधार आहे. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या संबंधांविषयी डिसेंबर १९३६ च्या आरंभापर्यंत मौन पाळले होते. परदेशी वृत्तपत्रांत छापून येणारी गोष्ट ब्रिटनमधील सामान्य वाचकाला ठाऊक नव्हती, पण उच्च वर्तुळात ती उघड गुपित होती. ११ डिसेंबर १९३६ रोजी एडवर्डचा राज्यत्याग अमलात आला आणि जून १९३७ मध्ये त्याने वॉलिसशी विवाह केला. पात्रांना हे भविष्य ठाऊक नाही, वाचकाला ते ठाऊक आहे. त्यामुळे मेजवानीतील हलक्याफुलक्या संवादांनाही एक वेगळे वजन येते.

साहित्यप्रकार

ही कादंबरी इंग्रजीत 'कोझी' म्हटल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथेच्या प्रकारात मोडते. या प्रकारात खून घडतो, परंतु क्रौर्याचे सविस्तर वर्णन टाळले जाते. शोध घेणारी व्यक्ती बहुधा हौशी असते, संशयितांचे वर्तुळ मर्यादित असते आणि शेवटी न्यायाची घडी पुन्हा बसते. मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळापहाड यांसारख्या नायकांच्या साहसप्रधान रहस्यकथा परिचित आहेत. त्यांच्या तुलनेत येथे पाठलाग व झटापटी कमी आहेत आणि चहाच्या मेजावरील बोलण्यातून लागणारे धागे अधिक आहेत.

दोन महायुद्धांमधील काळ हा इंग्रजी रहस्यकथेचा सुवर्णकाळ मानला जातो. त्या काळातील उमराव शोधक प्रामुख्याने पुरुष होते. डोरोथी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्सी हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याची पहिली कादंबरी 'हूज बॉडी?' १९२३ साली आली व तिच्याही आरंभी न्हाणीघरातील टबात एक अनोळखी प्रेत सापडते. विम्सीपाशी भरपूर पैसा आहे, शोध हा त्याचा छंद आहे. जॉर्जियानाला असा छंद परवडत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच काळावर लिहिताना लेखिकांनी उमरावकन्येला शोधिका केले. ऑस्ट्रेलियन लेखिका केरी ग्रीनवुड यांची फ्राइनी फिशर १९८९ मध्ये 'कोकेन ब्लूज' या कादंबरीतून वाचकांसमोर आली. तिचे बालपण दारिद्र्यात गेलेले आहे. युद्धात वारस मरण पावल्याने तिच्या वडिलांना पदवी मिळते. कॅरोला डन यांची डेझी डॅलरिंपल १९९४ पासून भेटते. भाऊ युद्धात आणि वडील साथीच्या तापात गेल्यावर घर चुलत नातलगाकडे जाते आणि डेझी नियतकालिकांत लेख लिहून पोट भरते. श्रीमंत फ्राइनी, लेखणीवर जगणारी डेझी आणि चोरून झाडलोट करणारी जॉर्जियाना अशा तिघी एकत्र वाचल्यास एकाच सामाजिक प्रश्नाची तीन उत्तरे दिसतात.

उमरावकन्या शोधिका का?

रहस्यकथेतील हौशी शोधकाला दोन गोष्टी लागतात: बंद दारांआड प्रवेश आणि लोकांच्या नजरेतून निसटण्याची सोय. जॉर्जियानाला पहिली तिच्या कुळामुळे मिळते. राजवाडा, सरदारांच्या मेजवान्या, खाजगी दिवाणखाने येथे पोलीस निरीक्षक सहज पोहोचू शकत नाही. दुसरी तिला झाडूमुळे मिळते. मोलकरणीच्या वेषातील स्त्रीकडे कोणी पाहत नाही, तिच्या देखत लोक मोकळेपणाने बोलतात. एकाच व्यक्तीला वरच्या व खालच्या अशा दोन्ही जिन्यांवरून घरात शिरता येणे, हे या कादंबरीच्या रचनेतील मुख्य साधन आहे. पोलीस आजोबांचे पात्रही याच कारणाने महत्त्वाचे ठरते. एका बाजूने ती राणीची नातलग व दुसऱ्या बाजूने साध्या हवालदाराची नात आहे. तपासाची व्यवहारी समज तिला या दुसऱ्या बाजूकडून लाभते.

भारतीय संदर्भ

कादंबरीतील युवराज एडवर्ड हाच १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला होता. असहकार चळवळीने त्याच्या दौऱ्यावर बहिष्कार पुकारला होता. त्या दिवशी शहरात हरताळ पडला व दंगली उसळल्या, तेव्हा शांततेसाठी महात्मा गांधींनी उपोषण केले. सुजाता मॅसी यांची 'द बॉम्बे प्रिन्स' ही २०२१ ची कादंबरी याच दिवसांत घडते. युवराजाच्या मिरवणुकीच्या दिवशी एका पारशी विद्यार्थिनीचा मृत्यू होतो आणि वकील पेरवीन मिस्त्री त्याचा शोध घेते. मॅसी यांच्या 'द सातापूर मूनस्टोन' या २०१९ च्या कादंबरीत सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानातल्या पडदानशीन राण्यांचा कलह येतो. तेथे पुरुष अधिकाऱ्यांना प्रवेश नसल्याने स्त्री वकिलालाच जावे लागते.

पेरवीनच्या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. त्यांचा जन्म १८६६ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला कायद्याच्या अभ्यासासाठी गेल्या आणि पुढे पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी त्यांनी काम केले. लंडनची उमरावकन्या आणि मुंबईची वकील या दोघींच्या कथा शेजारी ठेवल्या, तर एकच युवराज दोन ठिकाणांहून कसा दिसतो हे लक्षात येते. एकीकडे तो आईच्या काळजीचा विषय आहे, दुसरीकडे साम्राज्याचे प्रतीक.

मर्यादा

सौम्य रहस्यकथेच्या चौकटीमुळे या कादंबरीवर काही बंधने येतात. राजघराण्यातील व्यक्ती बहुतांशी विनोदी ढंगात रंगवल्या आहेत. नोकरवर्ग व बेकार कामगार पार्श्वभूमीवर राहतात. जॉर्जियानाची गरिबीही तिच्या वर्गाची गरिबी आहे, कारण उपाशी असतानाही ती बेलग्रेव्ह चौकात राहते. साम्राज्याचा प्रश्न कथेच्या कक्षेत येत नाही. १९३२ च्या आरंभी गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात बंदिस्त होते आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. कादंबरीतील राजा हाच तेव्हा भारताचा सम्राट होता, हे भारतीय वाचकाने स्वतः आठवावे लागते.

इतिहासाचे विद्यार्थी अशा कादंबरीचा उपयोग प्रश्नांची यादी म्हणून करू शकतात. हा कायदा खरोखर होता का, ही व्यक्ती त्या वर्षी तेथे होती का, हे शिष्टाचार कोणी ठरवले, या प्रश्नांची उत्तरे इतिहासग्रंथांत शोधावी लागतात. कादंबरी ते प्रश्न विचारण्याची ओढ लावते.

मालिका

'अ रॉयल पेन' (२००८), 'रॉयल फ्लश' (२००९) आणि 'रॉयल ब्लड' (२०१०) हे पुढील भाग होत. 'नॉटी इन नीस' (२०११) या पाचव्या भागास ऐतिहासिक कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार मिळाला. कथास्थळे नंतर फ्रान्स, रुमानिया, आयर्लंड व केनियापर्यंत पसरतात. पहिल्या भागात राणी मेरी ज्या स्त्रीवर नजर ठेवण्यास सांगते, तिच्यामुळे उद्भवलेला १९३६ चा राजकीय पेचप्रसंग 'वी थ्री क्वीन्स' (२०२४) या अठराव्या भागाची पार्श्वभूमी आहे. प्रत्येक भागातील रहस्य स्वतंत्र असले, तरी जॉर्जियानाच्या स्वावलंबनाचा प्रवास सलग असल्याने मालिका क्रमाने वाचणे सोयीचे ठरते.